मी पिशव्यांजवळ बसणार नाही

खुरासणी फुलली की मला भांडावंसं वाटतं.

दसरा जवळ आला की पेठ रोडला सावळघाट ओलांडल्यावर दोन्ही अंगांचे उतार पिवळे व्हायला लागतात. तेलाचं साधं पीक ते, पण फुलतं असं की नाशिकची मंडळी रस्त्यात आडव्यातिडव्या गाड्या लावून त्यात फोटोला उभी राहतात आणि शेताचा मालक लांबून हातवारे करत येतो. नागलीच्या कणसांनी मुठी आवळलेल्या असतात. भात निसवलेलं असतं, सकाळच्या दहिवरात त्याला कोवळा, दुधासारखा वास येतो. पाऊस गेलेला असतो, पण ओहोळ अजून थांबलेले नसतात. अशा पोटभरल्या हवेत माणसाने खरं तर शांत बसावं. मला ते जमत नाही, आणि त्याला कारण आहे.

यंदा ते कारण व्हॉट्सॲपवर आलं. केतकी माझी मुलगी, पुण्याला असते, नवरात्रात लेकीला, सईला, घेऊन माहेरी आली होती. आदल्या रात्री जेवताना तळ्यावर जायचं ठरलं आणि सकाळी तिने घरच्या ग्रुपवर सगळं रीतसर टाकलं. रविवारी साडेसहाला निघायचं. बाबा गाडी काढतील. सईसाठी टोपी आणि जादा मोजे. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘आई खाली बाकावर बसेल. पिशव्या तिच्याजवळ ठेवू, म्हणजे आपल्याला मोकळ्या हाताने फिरता येईल.’ त्याखाली सुधाकरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अंगठा दाखवला होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी उजव्या तळपायाची गेली. डाव्यात तेवढी ताकद नाही.

हे एकदा सांगून टाकते. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला. चालताना डाव्या हाताने मांडी दाबून धरावी लागते, नाहीतर गुडघा मुडपतो. बुटाचा तळ दीड इंच उंच करून घेतलेला आहे. अशी मी बासष्ट वर्षांची झाले, तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि वर्गभर फिरून शिकवलं. मला चालता येतं. मला बसताही येतं. मला जमत नाही ते उठायला. खाली बसल्यावर उठणं हा माझ्या घरी एक कार्यक्रम असतो, त्याला दोन माणसं आणि एक भिंत लागते. ज्यांना हे ठाऊक नाही ते मला मोठ्या प्रेमाने ‘बसा, बसा’ म्हणतात. ज्यांना ठाऊक आहे तेही म्हणतात, ही खरी गंमत.

बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. आमची मखमलाबादला फुलशेती. दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस घरात कोणी जमिनीला पाठ टेकत नसे. उजाडायच्या आत आई, काकू, दोघी बहिणी झेंडूच्या सरीत उतरायच्या आणि मी बांधावर. माझ्याभोवती सगळ्यांच्या चपला, भाकरीची फडकी, पाण्याची कळशी, रिकाम्या पाट्या. मी त्या सांभाळायच्या. कोणापासून ते मला आजतागायत कळलेलं नाही. पिवळ्या-केशरी शेतात बहिणी एकमेकींना फुलं मारत पुढे सरकायच्या, त्यांचं हसू लांब जात जात बारीक व्हायचं, आणि माझ्याजवळ आठ चपला. गोदाघाटावर सगळे पाण्यात आणि मी कपड्यांजवळ. शाळेच्या सहलीत सगळ्या किल्ल्यावर आणि मी डब्यांजवळ. लग्नात सगळे वरातीत आणि मी आहेराच्या पिशव्यांजवळ. कोणी दुष्टपणा करत नव्हतं. उलट जाताना प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचा. आणि मीही एक वाक्य पाठ केलं होतं, फार समजूतदार वाक्य. ‘माझ्यामुळे खोळंबा नको.’ चौतीस वर्षांची होईपर्यंत मी ते बिनचूक म्हणत आले.

मग तो आश्विन आला.

केतकी तेव्हा आठ वर्षांची. सुधाकरच्या कचेरीतली तीन घरं आणि आम्ही, अशी चार कुटुंबं मेटॅडोर करून तळ्यावर गेलो. तळ्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे कणसं भाजणारे आणि मोठ्याने गाणी लावणारे हजर होतील. एवढंच सांगते की तो जुना मातीचा बंधारा आहे, तीन बाजूंनी डोंगर, डोंगरावर साग, ऐन, हिरडा आणि पाण्याच्या कडेने जांभळी. पाण्याला धरून एक पाऊलवाट पूर्ण फिरून पुन्हा बंधाऱ्यावर येते. चढ फार नाही. लहान पोरं, म्हातारी माणसं, कोणीही जाऊ शकेल अशी. हे ‘कोणीही’ लोक सहज म्हणतात. त्या कोणीहीमध्ये मी नसते, हे म्हणणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

बंधाऱ्याखाली मोहाच्या झाडाजवळ सतरंजी पडली. तिच्यावर चार घरांच्या पिशव्या. पुऱ्यांचे डबे, बटाट्याची भाजी, दोन थर्मास, केळ्यांची फणी, बॅडमिंटनच्या रॅकेटी, कोणाचा तरी ट्रान्झिस्टर. सुधाकर बुटाची नाडी बांधत म्हणाला, “तू बस हं इथे. पाच किलोमीटर आहे. आम्ही पटकन फिरून येतो.” मी पाठ असलेलं वाक्य म्हटलं. सगळी निघाली. केतकीने मागे वळूनही पाहिलं नाही. आठ वर्षांच्या पोरीने का पाहावं? आईने बसायचं असतं हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

मी सतरंजीवर बसले नाही, मोहाला टेकून उभी राहिले. आवाज वळणाआड गेले. पाण्यावर एक टिबुकली बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची. ती आता कुठे निघेल याचा मी अंदाज बांधत होते आणि दर वेळी चुकत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, “एवढ्या पिशव्या कोणाच्या गं?”

माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई. काष्टा घट्ट मारलेला, कमरेला कोयता, खांद्यावर दोर, हातात डोक्यावर घ्यायची चुंबळ. पलीकडच्या काठाला तिने लाकडं तोडून ठेवली होती, ती आणायला निघाली होती. हिराबाई. खालच्या पाड्यावरची.

“आमच्याच,” मी म्हटलं. “आमची माणसं तळ्याला चक्कर मारायला गेलीत.”

“मंग तू?”

“माझा पाय असा आहे ना.”

तिने पायाकडे पाहिलं. लोक पाहतात तसं चोरून नाही. बाजारात भोपळा हातात घेऊन बघावा तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, “पाय तर हाय की.”

चौतीस वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांना पायात काय नाही तेवढं दिसायचं.

“पाच किलोमीटर आहे म्हणतात,” मी पुन्हा म्हटलं. मी गणिताची बाई, माझा आकड्यावर विश्वास.

“त्ये मला नाय ठाव,” हिराबाई म्हणाली. “सात इसावं हायेत.”

विसावे. डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बायकांनी वाटेवर जागोजागी रचलेले दगड. कमरेच्या वर, छातीच्या खाली, एवढ्या उंचीचे. एकट्या बाईला डोक्यावरचा भार त्यावर सरकवता यावा आणि दम खाऊन कोणाची मदत न घेता पुन्हा उचलता यावा, म्हणून. त्या बायका वाट किलोमीटरात मोजत नव्हत्या. तीन विसाव्यांची वाट, पाच विसाव्यांची वाट. आम्ही शहरातली माणसं थांबलो की लाजतो, इकडेतिकडे बघून धाप लपवतो. त्यांच्याकडे थांबणं हेच माप होतं. मी वर्गात मापांचा अख्खा धडा शिकवत होते आणि हे माप मला कोणी सांगितलं नव्हतं.

“पण पिशव्या?”

“त्यांना काय पाय हाय? कुठं जातील?”

यानंतर मी जे केलं ते माझं मीच केलं, हिराबाईला त्यात ओढत नाही. कुत्री येतील म्हणून मी सगळ्या पिशव्या मोहाच्या खालच्या फांद्यांना एकेक करून टांगल्या. हिराबाई नुसती बघत राहिली. शहरातल्या शिकल्या बाईला कशाला शिकवा, असं तिला वाटलं असावं. मग आम्ही आमच्या माणसांच्या उलट्या अंगाने निघालो.

पहिला विसावा बंधारा संपतो तिथेच आहे. मी त्याला टेकले आणि मला कळलं की हे दगड माझ्यासाठी रचलेत. बसावं लागत नाही. कंबर टेकते, हात मोकळे होतात, पायावरचा भार उतरतो आणि निघायचं तेव्हा नुसतं पुढे झुकलं की आपण उभेच. उठायचा प्रश्नच नाही. डोक्यावर मोळी असलेल्या बाईची अडचण आणि माझी अडचण एकच निघाली. हिराबाईने जांभळीची एक डहाळी तोडून दगडावर ठेवली. “पाला ठिवायचा,” ती म्हणाली. “दमनूक इथंच राहती मंग.” मीही एक ठेवली.

त्या वाटेचं काय सांगू? दुसऱ्या विसाव्यापर्यंत सागाची पानं, जाळी पडलेली, पायाखाली पापडासारखी वाजणारी. मग कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट, त्यात वारा शिरला की दार किरकिरल्याचा आवाज. वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी, दहिवराने भरलेली, ती हिराबाई कोयत्याने हळूच बाजूला सारायची, तोडायची नाही. पाण्यात उतरलेल्या मुळांवर खंड्या. ओल्या दगडावर खेकडा तिरका पळाला आणि मी, मुलींना पट्टीने धाक दाखवणारी बाई, किंचाळले. हिराबाई खो खो हसली. मी घामाघूम झाले होते, डाव्या तळहाताला मांडी दाबून दाबून वळ आले होते आणि मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. वळणापलीकडे काय आहे हे मला पहिल्यांदाच कोणी येऊन सांगणार नव्हतं. मी बघणार होते.

तिसऱ्या विसाव्यावर समोरून आमची माणसं आली. सगळ्यांत पुढे केतकी. ती वाटेतच थांबली. “आई, तू इथे?” मागून सुधाकर आला, त्याने मला पाहिलं, हिराबाईला पाहिलं आणि पहिला शब्द उच्चारला, “पिशव्या?”

“झाडाला.”

“अगं, कमाल करतेस. बरं, चल आता आमच्याबरोबर मागे, तू आलीस तीच वाट आहे.”

“तुम्ही आलात ती मी पाहिलेली नाही,” मी म्हटलं. “माझे चार विसावे राहिलेत. तुम्ही व्हा पुढे.” आणि वर हेही म्हटलं, अगदी गोड आवाजात, “माझ्यामुळे खोळंबा नको.”

केतकीने बापाचा हात सोडला आणि ती माझ्याकडे आली. “मला पण विसावे मोजायचेत.” त्या दिवशी त्या पोरीने तळ्याला जवळजवळ सव्वा चक्कर मारली. पाचव्या विसाव्यापाशी हिराबाईची लाकडं होती. तिथून पुढे ती मोळी घेऊन आणि मी पाय घेऊन, दोघी सारख्याच चालीने चाललो. डहाळ्या केतकी ठेवत होती.

पोचलो तेव्हा मोहाच्या झाडावर माकडांची पंगत बसली होती. चार घरांच्या पुऱ्या, भाजी, केळी, सगळं. एक पिल्लू थर्मासचं झाकण चाटत होतं. रॅकेटीसुद्धा फाडल्या. आमच्यातल्या एक वहिनी फार शांतपणे म्हणाल्या, “एवढंसं काम होतं हो तुमच्याकडे.” मला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्या दिवशी काही झालं नाही. मी म्हटलं, “एवढंसंच आहे, तर पुढच्या वेळी तुम्ही करा.” चारी घरांनी हिराबाईच्या अंगणात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली. चटणीने सगळ्यांच्या जिभा काळ्या झाल्या आणि त्यानंतर कोणी फार बोललं नाही.

तेव्हापासून खुरासणी फुलली की तळं. कारवी फुलली त्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा आणि मधमाश्यांनी गुणगुणणारा. एका वर्षी पाऊस रुसला होता, तळ्यात मधोमध चिखलाचं बेट निघालं आणि त्यावर बगळे सभेला बसल्यासारखे. एका वर्षी केतकी बारावीचं पुस्तक घेऊन आली आणि सातही विसाव्यांवर उघडून सातही वेळा मिटलं. वाट तीच, मी मात्र दर वर्षी नव्याने भांडून जायची. कधी घरच्यांशी, कधी पायाशी.

मधल्या काळात पाड्यावर गॅस आला. मोळ्या थांबल्या, ते चांगलंच झालं, त्या बायकांच्या मानांनी फार सोसलं होतं. पण मोळ्या थांबल्यावर विसावे कोणी नीट करेना. दोन ढासळले. बंधाऱ्याजवळ मात्र सिमेंटचे बाक आले आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं गेलं, ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी’. बाक बुटके आहेत. मी बसून पाहिलं. उठवायला दोन पोलीस पाटील लागतील.

गेल्या वर्षी माझं गणित चुकलं. दुसऱ्या विसाव्यापासूनच पाय ऐकेना. तिसऱ्याच्या अलीकडे गुडघा मुडपला आणि मी पडले. लागलं फार नाही, पण केतकीचा चेहरा मी विसरणार नाही, पांढराफटक पडला होता. सगळे परत फिरलो. डॉक्टर म्हणाले, पोलिओचे स्नायू या वयात पुन्हा थकतात, पाय जपून वापरा. मी विचारलं, “साठ वर्षं काय उधळपट्टी केली होती का?” ते हसले, मी नाही.

परतताना हट्टाने गाडी पाड्यावर वळवायला लावली होती. हिराबाई आता थकलीय, लेकाच्या ओट्यावर बसून नागली पाखडत होती. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि लहान मुलीसारखं सांगितलं, “हिराबाई, सात विसावे आता मला होत नाहीत.”

तिने सूप खाली ठेवलं. “मंग इसावं वाढव,” ती म्हणाली. “वाट कशाला कमी करती?”

हे वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले. आणि आता केतकीचा मेसेज. सकाळची भाजी फोडणीला टाकायच्या आत मी ग्रुपवर उत्तर टाकलं, ‘पिशव्या गाडीच्या डिकीत राहतील. अकरा विसावे धरून चालायचं आहे. ज्याला पटकन फिरून यायचं असेल त्याने वेगळं जावं.’

केतकी माहेरीच होती, तरी तिने आतल्या खोलीतून फोन केला. समोर बोलायचं धैर्य नसलं की आमच्या घरात असं करतात. “आई, हट्ट करू नकोस. मागच्या वर्षी काय झालं ते मी पाहिलंय. तिथे फोनला रेंज नाही. तुला काही झालं तर मी काय करू?”

तिचं चुकत नव्हतं. तेच तर वाईट असतं. मला आयुष्यभर ज्यांनी ज्यांनी बसवलं, त्यांतल्या कोणाचंच चुकत नव्हतं. सगळे बरोबर होते आणि मी बांधावर होते. काळजीशी भांडता येत नाही, ती डोळ्यांत पाणी आणते आणि आपल्याला नाइलाजाने समजूतदार व्हावं लागतं. पण मी समजूतदारपणाचा कोटा चौतिसाव्या वर्षी संपवला. मी म्हटलं, “केतकी, मी पडले तर तू मला उचल. पण मी पडेन म्हणून मला बसवू नकोस. यंदा मी बसले ना, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला विचारणारही नाही, नुसती माझ्यासाठी घडीची खुर्ची घ्याल.”

फोन ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, “घडीची खुर्ची मी ऑनलाइन बघून ठेवली होती.” सुधाकर पेपरात तोंड खुपसून हसला.

रविवारी साडेसातला आम्ही बंधाऱ्यावर होतो. मी, सुधाकर, केतकी आणि सात वर्षांची सई. जुन्या सात विसाव्यांमध्ये मी चार नवे धरले होते. कळकाच्या बेटाच्या अलीकडची वाकडी जांभूळ, एक तिरपा काळा खडक, एक करंज आणि उतारावर आडवा पडलेला ऐन. जिथे दगड ढासळले होते तिथे सुधाकरने, मान दुखते म्हणत म्हणत, दगडावर दगड चढवले. त्याला इतकी वर्षं लागली, पण रचले मात्र छान. माप घ्यायला मला उभं केलं आणि माझ्या कमरेइतके रचले.

गेल्या वर्षीची पडायची जागा यंदाच्या हिशेबात पाचव्या विसाव्याच्या अलीकडे येत होती. तिथे आल्यावर मी थांबले. खरं सांगते, भीती वाटली. समोर वाट उतरती होती, ओली होती, आणि मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. केतकीने हात पुढे केला नाही. तिला करायचा होता, मला दिसत होतं, तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून धरले होते. ती फक्त म्हणाली, “सई, आजीला वाट दे.” मी मांडी दाबली आणि उतरले. पाचव्या विसाव्याला टेकले तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. केतकीने डहाळी तोडून दगडावर ठेवली. मग अजून एक ठेवली. “ही माझी,” ती म्हणाली. “मी दमलेय, आई. मागच्या वर्षापासून दमलेय.”

पुढचे सहा आम्ही टेकत टेकत केले. सई मोजत होती. खंड्या होता, कळक किरकिरत होता, दुपारच्या उन्हात तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागला की फुटत होती आणि सई त्यात रमून मागे राहत होती, म्हणजे या वेळी खोळंबा तिच्यामुळे होत होता. दोन वाजता समोर बंधारा दिसला. पाच किलोमीटर वाटेला साडेसहा तास. शाळेत कोणी मला एवढा वेग काढून दाखवला असता तर मी गणित पुन्हा सोडवायला लावलं असतं. पण उत्तर बरोबर होतं.

ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, गुडघ्याला पट्टा, पायाशी आणि दोन्ही बाजूंना मिळून सहा पिशव्या. सुधाकर आणि सई मागे राहिले होते. मला एकटीला वळणावरून येताना पाहून तिने आपुलकीने बाकावर जागा केली. “बसा. तुमची माणसं पुढे गेली का?”

“नाही,” मी म्हटलं. “मागे आहेत.”

ती जरा गोंधळली. “आमची गेलीत. मीच म्हटलं जा. गुडघे दुखतात हो. माझ्यामुळे खोळंबा नको.”

माझी मघाशी शांत झालेली आग पुन्हा उजव्या तळपायातून वर आली. मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. चोरून नाही, नीट पाहिलं. “पाय तर आहेत की,” मी म्हटलं. “तो बंधाऱ्याच्या टोकाला दगडांचा ढीग दिसतोय? तेवढंच जायचं. टेकायचं. आवडलं तर पुढचं बघू, नाही तर परत.”

ती ढिगाकडे बघत राहिली. मग पिशव्यांकडे. “आणि ह्या?”

केतकी तेवढ्यात येऊन पोचली होती. घामाने निथळत होती, पाण्याची बाटली तोंडाला लावत होती. मी तिला म्हटलं, “तू जरा बस इथे पिशव्यांजवळ.”

तिने माझ्याकडे पाहिलं, त्या बाईकडे पाहिलं, आणि ती बाकावर बसली. मी त्या बाईला उठायला हात दिला. दोघी मिळून उठलो म्हणायला हरकत नाही. चार पावलं गेल्यावर मी मागे वळून केतकीला सांगितलं, “नीट लक्ष ठेव. इथे माकडं फार आहेत.”